मेंदूविज्ञानाचे नीतिशिक्षण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मेंदूवर संशोधन करणाऱ्यांना, मेंदूच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्यांना आणि मेंदूशी जोडली जाणारी उपकरणे बनवणाऱ्यांना नीतिविचाराचे शिक्षण कसे मिळावे, याविषयी मागील अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. मी स्वतः एका संशोधन संस्थेच्या नीती समितीवर काम करते आणि मेंदूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवते. आलेल्या पत्रांतील सहा पत्रे निवडून, पत्रलेखकांची नावे न देता, त्यांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी पुण्यात मेंदूविज्ञानात पीएच.डी. करते. प्रवेशानंतर आम्हाला संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा सक्तीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागला. वाङ्मयचौर्य, बनावट नियतकालिके, लेखकांच्या नावांचा क्रम असे विषय त्यात होते. आता मी निरोगी स्वयंसेवकांच्या मेंदूचे एमआरआय घेणार आहे. माझे नीतीचे प्रशिक्षण पूर्ण झाले असे समजावे का?

उत्तर : असे समजू नये, आणि यात दोष आपला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी ठरवलेला हा ३० तासांचा अभ्यासक्रम उपयुक्त आहे, पण त्याचा बराचसा भाग संशोधकाने इतर संशोधकांशी प्रामाणिक कसे राहावे हे सांगण्यात खर्च होतो. यंत्राच्या नळीत निश्चल पडून राहिलेला माणूस त्यात फारसा दिसत नाही. आपले खरे प्रशिक्षण त्या माणसापासून सुरू व्हायला हवे.

मेंदूविज्ञानाच्या नीतिविचाराला दिलेला ‘न्यूरोएथिक्स’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला तो मे २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या परिषदेनंतर. त्याच वर्षी अदिना रॉस्कीस या तत्त्वज्ञ विदुषीने या विषयाचे दोन भाग करून दाखवले. मेंदूविज्ञान करताना पाळायची नीती हा पहिला, आणि माणूस नैतिक निर्णय घेतो तेव्हा त्याच्या मेंदूत काय घडते याचा अभ्यास हा दुसरा. आपल्याला रोज लागेल तो पहिला, परंतु दुसरा त्याच्यापासून तोडता येत नाही, कारण ज्या अवयवाचे आपण चित्र घेत आहात त्याच अवयवाने आपल्याला संमती दिलेली असते. तोच भितो, तोच विसरतो आणि नकार द्यायचा झाल्यास तोही त्याच्याकडूनच यावा लागतो.

आता आपल्या एमआरआयकडे येऊ. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कोणतीही तक्रार नसलेल्या १,००० स्वयंसेवकांची मेंदूची चित्रे तपासली गेली. १८ टक्के चित्रांत काहीतरी वेगळे दिसले. त्यांतील बहुतेकांना पुढे काहीच करावे लागणार नव्हते, पण १.८ टक्के लोकांना सवडीने डॉक्टरांकडे पाठवण्याची आणि १.१ टक्के लोकांना तातडीने पाठवण्याची गरज होती. म्हणजे आपण शंभर जणांचे चित्र घेतले, तर त्यांत एखादा असा निघण्याची शक्यता धरूनच चालले पाहिजे. आपल्या प्रयोगशाळेत ते चित्र कोण पाहणार? संशोधनासाठी घेतलेले चित्र निदानासाठी घेतलेल्या चित्रासारखे नसते, आणि आपण क्ष-किरणतज्ज्ञ नाही. शंका आली तर ती कोणी, किती दिवसांत आणि कोणत्या शब्दांत सांगायची, पुढच्या तपासणीचा खर्च कोणी करायचा, आणि ‘मला काही सांगू नका’ असे आधीच लिहून दिलेल्या माणसाच्या बाबतीत काय करायचे, हे सगळे पहिल्या स्वयंसेवकाला बोलावण्याआधी ठरलेले असले पाहिजे.

मी विद्यार्थ्यांना हा संवाद मराठीत लिहून आणायला सांगते आणि मग वर्गात दोघांना समोरासमोर बसवून तो बोलायला लावते. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण ‘तुमच्या मेंदूत गाठ दिसते आहे’ असे तरी म्हणतात किंवा ‘काळजीचे काही नाही’ असे तरी. दोन्ही वाक्ये म्हणण्याचा अधिकार त्यांना नसतो. ‘तुमच्या चित्रातला एक भाग आम्हाला नीट कळलेला नाही, आम्ही निदान करणारे डॉक्टर नाही, म्हणून ते आम्ही अमुक डॉक्टरांना दाखवले आणि त्यांनी तुम्हाला भेटायला बोलावले आहे’ या वाक्यापर्यंत पोहोचायला त्यांना तासभर लागतो. तो एक तास मला या विषयावरच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाचा वाटतो.

आकडेमोडीची नीती हीसुद्धा नीतीच आहे. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एका मेलेल्या सामन माशाला एमआरआय यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’. मेंदूच्या चित्रातील हजारो बिंदूंची एकाच वेळी तुलना करताना जी दुरुस्ती करायला हवी ती न केल्यास त्या माशाचा मेंदूही काम करताना दिसतो, हे त्यांनी सिद्ध केले. मेंदूविषयीचा चुकीचा दावा केवळ नियतकालिकाच्या पानावर राहत नाही. तो एखाद्या मुलाला ‘असा मेंदू’ म्हणून चिकटतो, एखाद्या आरोपीला चिकटतो. म्हणून ही दुरुस्ती शिकवणाऱ्या तासाला मी नीतीच्या तासाइतकेच महत्त्व देते.

प्रश्न : मी नाशिकमध्ये मेंदूविकारतज्ज्ञ आहे आणि निवासी डॉक्टरांना शिकवतो. पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत तार बसवण्याच्या, म्हणजे डीबीएसच्या, शस्त्रक्रियेविषयी बोलताना बहुधा रुग्णाचा मुलगाच बोलतो आणि रुग्ण मान डोलावतो. ही संमती खरी मानावी का, आणि निवासी डॉक्टरांना हे शिकवावे कसे? व्याख्यानांचा उपयोग होत नाही, हा माझा अनुभव आहे.

उत्तर : आपला अनुभव मलाही आलेला आहे. म्हणून मी व्याख्यान न देता एका खऱ्या रुग्णाच्या हकिकतीने सुरुवात करते. नेदरलँड्समधील ६२ वर्षांच्या एका गृहस्थाची ही हकिकत २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याला डीबीएस बसवलेले होते. उद्दीपन, म्हणजे तारेतून मेंदूला दिला जाणारा सौम्य विद्युतप्रवाह, चालू असताना त्याची हालचाल सुधारत असे, पण त्याला उन्माद होई आणि तो वाटेल तसा वागे. उद्दीपन बंद केले की मन ठिकाणावर येई, पण शरीर इतके जखडून जाई की त्याला अंथरुणाला खिळून राहावे लागे. मधला मार्ग सापडला नाही. तेव्हा उद्दीपन बंद असताना, म्हणजे मन स्थिर असताना, त्याला निवड करायला सांगण्यात आले, आणि त्याने उद्दीपन चालू ठेवून मनोरुग्णालयात राहण्याचा पर्याय निवडला.

एवढे सांगून मी थांबते आणि निवासी डॉक्टरांना विचारते : त्याला हा प्रश्न उद्दीपन चालू असताना विचारला असता तर उत्तर ग्राह्य धरले असते का? बंद अवस्थेतल्या माणसाला चालू अवस्थेतल्या माणसाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार कोठून आला? या चर्चेतून त्यांच्या लक्षात येते की निर्णयक्षमता म्हणजे एकदा तपासून कागदावर लिहून ठेवण्याची गोष्ट नव्हे. ती विशिष्ट निर्णयापुरती आणि विशिष्ट वेळेपुरती असते. पार्किन्सनच्या रुग्णाच्या बाबतीत तर गोळीचा परिणाम चालू असताना तो वेगळा असतो आणि परिणाम ओसरल्यावर वेगळा, हे आपल्या निवासी डॉक्टरांना औषधशास्त्रातून माहीत आहेच. संमतीची भेट दिवसाच्या कोणत्या वेळी ठेवायची हा प्रश्न त्यातूनच निघतो, पण तो त्यांना कोणी विचारलेला नसतो.

मुलाविषयी एक गोष्ट मनापासून सांगते. मुलाला बाजूला सारण्याचा उपदेश मी करणार नाही. आपल्याकडे मोठे निर्णय घरात बसून होतात, शस्त्रक्रियेनंतर वडिलांना सांभाळणारा तोच असतो, आणि डीबीएसनंतर कधी कधी स्वभावात होणाऱ्या बदलांची, उतावीळपणाची किंवा उदासीनतेची, झळ घरच्यांनाच लागते. त्यामुळे त्याला सारे कळलेच पाहिजे. परंतु बोलण्याचा पहिला मान रुग्णाचा. खुर्च्या अशा मांडाव्यात की डॉक्टरांच्या समोर रुग्ण असेल आणि मुलगा शेजारी. पहिला प्रश्न रुग्णाला विचारावा आणि उत्तर यायला वेळ लागला तरी थांबावे, कारण या आजारात बोलणे संथ आणि आवाज बारीक होतो आणि अनेकदा मुलगा केवळ ती शांतता भरून काढण्यासाठी बोलत असतो. नंतर दहा मिनिटे रुग्णाशी एकट्याने बोलावे. शेवटी ‘आजोबा, आम्ही काय करणार आहोत ते तुमच्या शब्दांत सांगा बरं’ असे म्हणावे. मान डोलावणे आणि समजणे यांतला फरक त्या एका वाक्याने उघड होतो. निवासी डॉक्टरांना हे आपल्या शेजारी बसवून दाखवावे लागते, आणि पुढच्या वेळी त्यांना करायला लावून आपण शेजारी बसावे लागते.

कायदाही वाचून घ्यावा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीपुरता आहे, पण त्यातली निर्णयक्षमतेची मांडणी सर्वच डॉक्टरांनी अभ्यासण्यासारखी आहे. त्याच कायद्याने मानसिक आजारावरील मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची मान्यता या दोन्ही गोष्टी आवश्यक केल्या आहेत. ही सावधगिरी का आली हे कळण्यासाठी निवासी डॉक्टरांना १९४९ सालचे वैद्यकाचे नोबेल सांगावे. मेंदूच्या पुढच्या भागातील तंतू छेदण्याच्या शस्त्रक्रियेसाठी ते एगास मोनिझ यांना मिळाले होते, आणि त्या काळात ती शस्त्रक्रिया हजारो रुग्णांवर केली गेली. ती करणाऱ्यांतील पुष्कळांना आपण रुग्णाचे भलेच करतो आहोत असे वाटत होते, हे सांगायला विसरू नये.

प्रश्न : ठाण्यात आमची छोटी कंपनी आहे. कपाळावर बांधण्याचा ईईजी पट्टा, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारा पट्टा, आम्ही बनवतो. विद्यार्थ्याचे लक्ष किती एकाग्र आहे हे तो दाखवतो आणि काही शिकवणी वर्गांनी त्यात रस दाखवला आहे. हे वैद्यकीय उपकरण नाही. मग आमच्या अभियंत्यांना नीतीच्या प्रशिक्षणाची गरज काय?

उत्तर : डॉक्टरच्या हातातल्या उपकरणाभोवती नियमांचे कुंपण असते. आपल्या पट्ट्याभोवती ते फार कमी आहे, म्हणून आपल्या अभियंत्यांना ही गरज अधिक आहे.

२०१९ मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतातील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर असेच पट्टे बांधले गेले होते. त्याची चित्रफीत पसरल्यावर लोकांत इतका संताप उसळला की वापर थांबवावा लागला. त्या वर्गात बसलेल्या एका मुलाच्या जागी आपल्या अभियंत्याने स्वतःला ठेवून पाहावे. कपाळावरच्या ईईजीमध्ये पापण्यांची उघडझाप आणि कपाळाच्या स्नायूंची हालचाल सहज मिसळते, हे आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक असेल. त्यातून काढलेला ‘एकाग्रता ४२’ असा आकडा शिक्षकांच्या पडद्यावर जातो, शिक्षकांकडून पालकांपर्यंत पोहोचतो आणि संध्याकाळी घरी त्या आकड्यावरून मुलाला बोलणी बसतात. घरी आजारी आई असल्यामुळे खिडकीबाहेर पाहत बसलेल्या मुलाविषयी तो आकडा काहीही सांगत नाही. तरीही तो खरा मानला जातो, कारण तो मेंदूतून आलेला आहे असे सांगितलेले असते.

जगभर या माहितीकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले आहे. चिलीने २०२१ मध्ये आपल्या राज्यघटनेत मेंदूच्या क्रियेला आणि तिच्यातून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण देणारी दुरुस्ती केली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सिनेटरच्या मेंदूची नोंदलेली माहिती पुसून टाकण्याचा आदेश इमोटिव्ह या कंपनीला दिला. तिचे उपकरणही बाजारात मिळणारा ईईजी पट्टाच होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने समरकंद येथे चेतातंत्रज्ञानाच्या, म्हणजे मेंदू व मज्जासंस्थेशी जोडल्या जाणाऱ्या उपकरणांच्या, नीतीविषयीची शिफारस स्वीकारली. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. शिकवणी वर्गाच्या प्रवेश अर्जाच्या तळाशी छापलेल्या एका ओळीने ती मिळाली असे मानणे मला पटत नाही.

प्रशिक्षणाची एक चांगली पद्धत अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या चेतातंत्रज्ञान केंद्रात वापरली गेली. तेथे नीतिशास्त्राचे अभ्यासक बाहेरून येऊन एक व्याख्यान देऊन जात नसत. ते अभियंत्यांच्या गटांतच काम करत आणि रचना कागदावर असतानाच प्रश्न विचारत. आपल्यासारख्या छोट्या कंपनीला पूर्णवेळ तत्त्वज्ञ ठेवणे परवडणार नाही, पण महिन्यातून एकदा एक शाळाशिक्षक, एक पालक आणि एक बालमानसतज्ज्ञ यांना आराखड्याच्या बैठकीला बोलावणे परवडेल. त्या बैठकीत एक प्रश्न नक्की असू द्यावा : उद्या कंपनी बंद पडली तर साठवलेल्या माहितीचे काय होईल? सेकंड साइट या कंपनीने डोळ्यातील पडद्यावर बसवण्याच्या आपल्या उपकरणाचे काम थांबवले, तेव्हा जगभरातील ३५० हून अधिक दृष्टिहीन लोकांच्या डोळ्यांत ते बसवलेले होते. यंत्र बिघडले तर जायचे कोणाकडे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

प्रश्न : मी पुण्यात वकिली करतो. आरोपीच्या मेंदूच्या चाचणीवर न्यायालयांनी किती विसंबावे? वकील आणि पोलीस यांनाही या विषयाचे शिक्षण मिळायला हवे, असे आपल्याला वाटते का?

उत्तर : नक्कीच वाटते, आणि त्याचे कारण आपल्याच शहरात घडलेले आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनाच्या आरोपावरून जन्मठेप दिली, तेव्हा इतर पुराव्यांबरोबर बीईओएस या चाचणीचाही आधार घेतला होता. डोक्यावर इलेक्ट्रोड लावलेल्या व्यक्तीला गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवायची आणि मेंदूच्या विद्युत नोंदीवरून ती घटना तिने स्वतः अनुभवली आहे की केवळ ऐकली आहे हे ओळखायचे, असा या चाचणीचा दावा होता. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धत शास्त्रीय नसल्याचे मत दिले. त्या तरुणीला पुढे उच्च न्यायालयाने जामीन मंजूर केला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या विद्युत चाचण्या इच्छेविरुद्ध करता येणार नाहीत, असा निर्णय राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) (स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांच्या आधारे दिला.

हा निकाल आपण वाचलेला असणारच. माझे म्हणणे पुढचे आहे. स्वेच्छेने दिलेल्या चाचणीला निकालाने वाट ठेवली आहे, आणि पोलीस कोठडीतल्या माणसाची ‘स्वेच्छा’ तपासणे हे कायद्याइतकेच मेंदूविज्ञानाच्या नीतीचे काम आहे. झोप न झालेला, घाबरलेला माणूस सुटकेच्या आशेने कशालाही हो म्हणतो. म्हणून न्यायाधीश, वकील, पोलीस आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेतील कर्मचारी यांना एकत्र बसवून पुण्याच्याच खटल्याचा अभ्यास करून घ्यावा. त्यात दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. चाचणी जे मोजते असे म्हणते ते ती खरोखर मोजते का, हा पहिला. मोजत असली तरी ते मोजण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले की दुसरा सोडून देण्याकडे कल असतो, पण तंत्र सुधारत जाईल तेव्हा दुसराच प्रश्न उरणार आहे.

प्रश्न : या विषयाचा पायाभूत अभ्यास भारतात राहून कसा करता येईल?

उत्तर : भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, माणसांवरील संशोधनाच्या नीतीविषयीची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आधी पूर्ण वाचावीत. त्यानंतर मुंबईहून निघणारे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ नियमित चाळावे. १९९३ पासून आपल्याकडचीच प्रकरणे त्यात चर्चिली जात आहेत. २००६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय न्यूरोएथिक्स सोसायटीचे विद्यार्थीही सभासद होऊ शकतात. वाचन एकट्याने करू नये; चार जणांचा गट जमवून महिन्याला एक प्रकरण घेतले तर ते अंगी लागते.

प्रश्न : मी कोल्हापूरची निवृत्त शिक्षिका आहे. एका रुग्णालयाच्या नीती समितीवर सामान्य नागरिक म्हणून मला घेतले आहे. मेंदूच्या संशोधनाचे प्रस्ताव समोर येतात, सगळे डॉक्टर इंग्रजीत बोलतात आणि मी गप्प बसते. मी तेथे काय करावे?

उत्तर : बाई, आपली जागा कोणाच्या मेहेरबानीने मिळालेली नाही. नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम, २०१९ प्रमाणे समितीत किमान सात सदस्य लागतात, त्यांत एक सामान्य नागरिक असावाच लागतो, आणि किमान निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावे लागतात. सदस्यांचे प्रशिक्षणही अपेक्षित आहे. ते आपल्याला मिळालेले नसेल तर समितीच्या सचिवांकडे लेखी मागणी करावी आणि ते मराठीत मिळावे असेही त्यात लिहावे.

डॉक्टरांना न येणारी एक गोष्ट आपल्याला येते. एखादे वाक्य समोरच्याला कळले की नाही, हे आपण आयुष्यभर वर्गात ओळखत आला आहात. मराठी संमतीपत्रांत मी ‘खोल मेंदू उद्दीपन’ असे शब्द वाचले आहेत. कवटीला छिद्र पाडून मेंदूत बारीक तार बसवणार आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी ठेवणार, असे कोणी तेथे लिहिलेले नव्हते. ‘यादृच्छिक पद्धतीने गट ठरवला जाईल’ या वाक्याऐवजी ‘तुम्हाला खरा उपचार मिळेल की नकली, हे चिठ्ठी काढावी तसे ठरेल आणि ते तुम्हाला सांगितले जाणार नाही’ असे लिहिले, तर सही करणारा माणूस थांबून विचार करेल. त्याने थांबावे, हेच तर संमतीपत्राचे काम आहे.

पुढच्या बैठकीआधी प्रस्तावासोबत आलेले मराठी संमतीपत्र घरी मोठ्याने वाचा. जमल्यास फारसे न शिकलेल्या शेजारणीला ऐकवा. तिने जिथे ‘म्हणजे काय?’ असे विचारले, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि बैठकीत त्या खुणा एकेक करून वाचून दाखवा, मराठीतच.